कपाटामागचा कॅनव्हास

पत्र, थोडक्यात: "वय ३४. पेंटिंग शिकलेली आहे. लग्नाआधी ऑइलमध्ये काम करायचे, दोन ग्रुप शो झाले. मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. कोपरखैरण्यात वन बीएचके, घरात सासूबाई, मिस्टर ऐरोलीला नोकरीला. बाळंतपणापासून ब्रश हातात धरलेला नाही. नातेवाइकांच्या वाढदिवसांना फोटोवरून पेन्सिल पोर्ट्रेट तेवढी काढून देते, फुकट. मिस्टर म्हणतात, 'कर ना तू, तुला कोण अडवतंय?' खरंच अडवत नाहीत. सासूबाई म्हणतात, 'पोर मोठं होऊ दे, छंद कुठे पळून जातोय?' हल्ली आम्हा दोघांत दूध, डायपर आणि हप्ते सोडून बोलणंच होत नाही. गेल्या आठवड्यात कपाटामागचा अर्धवट कॅनव्हास बाहेर काढला, तर त्यावर पांढरी बुरशी. खूप रडू आलं. धड आई नाही, धड चित्रकार नाही. सोडून द्यावी का चित्रकला?"

ताई,

सोडायची की नाही हे आज ठरवू नका. अडीच वर्षांत तुम्ही चित्रं काढली आणि ती जमली नाहीत, असं काही झालेलं नाही. चित्र काढायची सोयच घरात उरलेली नाही. ऑइल, मोठा कॅनव्हास, सलग चार तास आणि दार लावून घेता येईल अशी खोली, या चार खांबांवर तुमचं जुनं काम उभं होतं. चारही गेले. तेव्हा आधी सोय लावू या. मन बहुधा हाताच्या मागून येतं.

त्याआधी एक विचारायलाच हवं. रडू रोज येतं का? मूल झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नाही, जेवणावरची वासना गेलीय, मुलाला जवळ घेऊनही काही वाटत नाही, जगूच नये असं मनात येतं? यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर रंगांच्या आधी डॉक्टर गाठा, आणि जगू नये असं एकदा जरी आलं असेल तर आजच. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाळीस दिवसांत संपतं असं नाही. उपचार झाले नाहीत तर ते पुढे वर्षंवर्षं रेंगाळू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जोडीला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही दोन्ही बिघडलेली असली की अंगात बळ नसतं आणि बाई स्वतःलाच आळशी म्हणत बसते.

आता कामाचं.

ऑइल सध्या बंद. टर्पेंटाइनची वाफ वन बीएचकेतून जाणार कुठे, त्यात पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर तेल वाळताना आतल्या आत तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. हे भीती घालायला सांगत नाही, स्टुडिओंमध्ये असं होतं म्हणूनच चिंध्या पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायची पद्धत आहे. शिवाय ओला कॅनव्हास आठवडाभर अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर उभा राहणार. जुन्या सामानात 'फ्लेक व्हाइट' लिहिलेली ट्यूब असेल तर ती घरातून काढाच, त्यात शिसं असतं. कॅडमियमचे रंगही मुलाचा हात पोचणार नाही असे ठेवा.

सध्या तुम्हाला हवं ते माध्यम एकाच कसोटीवर निवडायचं: अर्ध्यात टाकून उठता येतं का? अमेरिकन शिल्पकार रूथ असावा १९४७ साली मेक्सिकोत तारेच्या टोपल्या विणणाऱ्यांकडून एकात एक फासे अडकवत जायचं तंत्र शिकल्या. पुढे त्यांनी सहा मुलं वाढवली आणि घरात मुलांच्या गराड्यात बसून त्यांनी तारेची ती मोठाली लोंबती शिल्पं विणली. विणकाम कुठल्याही टाक्यावर खाली ठेवता येतं आणि परत आल्यावर तिथूनच उचलता येतं. त्यांच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात. या सोयीचं कोणी करत नाही.

तुमच्यासाठी तसं माध्यम म्हणजे गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. ऑइलवाल्या हाताला ते साध्या जलरंगापेक्षा लवकर वळतं, कारण गडदावर फिकट लावता येतं. पॅलेटवर वाळलेला रंग पाण्याच्या दोन थेंबांत परत ओला होतो, त्यामुळे मूल उठलं तर रंग फुकट जात नाही. खोड एकच: खालचा थरही तसाच ओला होतो. दुसरा थर देताना ब्रश घासलात की खालचं वर येऊन सगळं मातकट होतं. म्हणून दुसऱ्या थराला पाणी कमी, साईच्या दाटपणाचा रंग, एक फटकारा आणि हात वर. फार जाड लावलात तर वाळून तडकेल. ऑइलची सवय असल्यामुळे पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून हे होणारच.

अॅक्रिलिकच हवं असेल तर ओली पॅलेट करा. चपटा झाकणाचा डबा घ्या, तळाला पाण्याने भिजवून हलका पिळलेला सपाट स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. एरवी पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत कडक होतो, असा तो दोन-तीन दिवस टिकतो. स्पंज निथळता राहिला तर रंग आपोआप पातळ होऊन पसरतो, आणि पावसाळ्यात चौथ्या दिवशी डब्याला वास येतो. स्पंज धुवा, कागद बदला. गुआशचंही तसंच आहे. त्यात बांधणीला बाभळीच्या जातीचा डिंक असतो आणि बुरशीला डिंक फार आवडतो, म्हणून रंग पुरते वाळल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका.

कागद ३०० जीएसएमचा कॉटन. पूर्ण शीट २२ × ३० इंचाची येते, तिचे आठ तुकडे करा: साडेसात × अकरा. यापेक्षा मोठा कागद तीन महिने घ्यायचा नाही. रंग पाचच: पांढरा, लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर. ब्रश दोन, अर्ध्या इंचाचा चपटा आणि सहा नंबरचा गोल. याहून जास्त सामान म्हणजे मांडायला दहा मिनिटं आणि आवरायला दहा, आणि तुमच्याकडे आहेत एकूण पंचवीस.

हो, पंचवीसच मिनिटं, आठवड्यातून तीनदा. त्यांतली पहिली दोन कालची चिठ्ठी वाचायला (चिठ्ठीचं सांगते), वीस काम, शेवटची तीन नवी चिठ्ठी लिहून झाकण लावायला. चिठ्ठीत 'चित्र पूर्ण करणे' असलं काही लिहायचं नाही. 'बादलीची सावली अजून थंड कर, उजवी कड मऊ' असं लिहायचं, म्हणजे परत बसल्यावर विचार न करता ब्रश कुठे टेकवायचा ते कळतं. यात चूक अशी होते की मूल झोपलंय म्हणून पंचवीसची पंचेचाळीस मिनिटं होतात. मग नेमकं रंगात आलेलं असताना ते उठतं, चिडचिड त्याच्यावर निघते आणि रात्री त्याच चिडचिडीचा पश्चात्ताप. गजर लावा आणि चालू असलेलं काम टाकून उठा. दुसऱ्या दिवशी अर्धवट चित्राकडे पाय आपोआप वळतात, कोऱ्या कागदाकडे वळत नाहीत.

मुलाची दुपारची झोप सातही दिवस चित्राला देऊ नका. दोन दिवस चित्र. बाकीचे दिवस तुम्हीही आडव्या व्हा. तिसरी बैठक रात्रीची, पण रात्रीची झोप सहा तासांच्या खाली जात असेल तर ती सरळ रद्द करा. झोप न झालेल्या डोळ्याला करड्यातले फरक दिसत नाहीत.

जागा ड्राय बाल्कनीत करू नका, तिथे वॉशिंग मशीनची ओल असते. हॉलच्या आतल्या भिंतीला (बाहेरची भिंत पावसात ओल धरते) घडीचं टेबल बसवून घ्या: ३० इंच लांब, १८ इंच खोल, जमिनीपासून २९ इंचांवर. सुतार खालून घडीचे ब्रॅकेट लावून देतो. वर पाच फुटांवर एक फळी, रंग तिथे. आणि काम संपलं की खुर्ची आत नेऊन ठेवा. मूल फळीपर्यंत पोचतं ते खुर्चीमुळेच. दिवा ४००० ते ५००० केल्विनचा एलईडी, पाकिटावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) ९० किंवा वर लिहिलेला. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली निळे आणि करडे चुकीचे दिसतात, आणि सकाळी चित्र बघून 'आपल्याला रंगच कळेनासे झाले' असं वाटतं. दोष दिव्याचा असतो. ब्रश धुवायचं पाणी पेल्यात किंवा वाटीत कधीच घेऊ नका, मूल ते पिणार. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या.

मुलाला वेगळे रंग करून द्या. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर दोन वाट्या गार पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखं दाट होईपर्यंत ढवळायचं, गार करून खायचा रंग घालायचा. हळद घालायचा मोह टाळा, भिंत जाईल. दोन दिवसांत ते आंबतं, मग टाकून द्या. मात्र मुलाबरोबर रंगात खेळणं हा तुमच्या कामाचा वेळ धरू नका. ते छान असतं, पण त्यात चित्र होत नाही, आणि 'बसलीस की आज रंग घेऊन' असं ऐकावं लागतं.

काढायचं काय? पहिले तीस कागद घरातलंच. ड्राय बाल्कनीतली वाळत घातलेली कपड्यांची रांग घ्या. मुलाची इवलीशी चड्डी, मागे ग्रिल, ग्रिलपलीकडे पारसिकचा डोंगर दिसत असेल तर तो. डोळे किलकिले करून फक्त तीन छटा शोधा. आकाश फिकट, कपडे मधले, ग्रिल गडद. पावसाळ्याच्या ढगाळ उजेडात पांढरा शर्टसुद्धा आकाशापेक्षा गडद असतो, आणि तुमचा हात तो सवयीने पांढराच लावेल. तिथेच थांबून बघा. गंजलेला डोळा सुटतो तो अशाच एखाद्या शर्टापाशी. झोपलेलं मूल हेही उत्तम मॉडेल आहे. दहा मिनिटं हलत नाही, आणि पैसेही मागत नाही. पहिले दहा कागद वाईट होतील. मागे तारीख टाकून फोल्डरमध्ये ठेवा, महिनाभर इन्स्टाग्रामवर टाकू नका आणि पंचविसावा होईपर्यंत पहिला काढून बघू नका.

आता मिस्टरांचं. 'कोण अडवतंय' हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. न अडवणं म्हणजे वेळ देणं नव्हे. 'मला जरा मदत करत जा' असं म्हणाल तर ते हो म्हणतील आणि काही बदलणार नाही, कारण त्यात वार नाही, तास नाही. असं सांगा: "रविवारी सकाळी आठ ते साडेदहा मुलगा तुझ्याकडे. निसर्ग उद्यानात ने, कुठेही ने." पिशवी त्यांनीच भरायची. पाणी, खाऊ, बदलायचे कपडे, टोपी. पिशवी तुम्ही भरून दिलीत तर अडीच तासांतला अर्धा तास तिथेच गेला, आणि 'वाइप्स कुठे ठेवलेत?' असा फोन आला की तुमचं डोकं परत घरात. पहिल्या रविवारी ते टोपी विसरतील. विसरू द्या. तिसऱ्या रविवारपर्यंत पिशवी नीट भरली जाते, फक्त मधले दोन रविवार तुम्हाला गप्प राहणं जमलं पाहिजे, आणि खरं अवघड तेच आहे.

दूध-हप्त्यांपलीकडचं बोलणं ठरवून सुरू होत नाही, त्याला काहीतरी निमित्त लागतं. रविवारचा कागद त्यांना दाखवा, पण 'कसं झालंय?' विचारू नका. उत्तर 'छान' येईल आणि तुम्हाला राग येईल. विचारा: नजर आधी कुठे गेली? कुठला कोपरा जड वाटतोय? काय आठवलं? चित्रकलेतलं काही न कळणाऱ्या माणसालाही या तिन्हींची उत्तरं देता येतात, आणि बरेचदा ती तुम्हाला न दिसलेली असतात.

सासूबाईंशी 'छंद' या शब्दावरून वाद घालू नका. त्यांच्या वयाच्या बायकांना स्वतःसाठी अर्धा तासही कोणी दिलेला नसतो, त्यामुळे तो मागता येतो हेच त्यांना नवीन. कधीतरी कोणीतरी तुम्हाला बहिणाबाईंचं उदाहरण देईलच: संसार, शेत, जातं सगळं सांभाळून ओव्या रचल्याच ना? रचल्या. पण त्या लिहून घेणारा मुलगा, सोपानदेव, घरात होता, म्हणून त्या आज आपल्यापर्यंत आल्या. म्हणजे त्यांनाही कोणाचा तरी हात लागलाच. सासूबाईंकडून मोघम 'सांभाळा' नको, एक नेमकी गोष्ट मागा. मंगळवारी दुपारी पंचवीस मिनिटं दाराची बेल आणि फोन त्यांनी बघायचा. नाही म्हणाल्या तर आठवड्यातून दोन-तीन दिवस दोन तासांचं पाळणाघर बघा.

चांगली आई नाही, याचा हिशेबच करून टाकू. तीन बैठका म्हणजे ७५ मिनिटं, रविवारची १५० मिनिटं. एकूण पावणेचार तास. आठवड्यात १६८ तास असतात.

फुकटच्या पोर्ट्रेटकडे मात्र थांबून बघू. तुमच्या मनातली स्वतःची किंमत घसरली त्यात यांचाही वाटा आहे, आणि ती सगळ्यात लवकर दुरुस्त होणारी गोष्ट आहे. एक पोर्ट्रेट धरा: फोटो निवडणं आणि कच्चं रेखाटन दोन तास, पक्कं काम पाच, पॅकिंग आणि निरोपानिरोपी एक. आठ तास. तासाचा दर तुमच्या भागात चित्रकलेची खासगी शिकवणी घेणाऱ्याला मिळतो तेवढा धरा. समजा २५० रुपये. दोन हजार, अधिक सामानाचे तीनशे. फ्रेमचे वेगळे, काच घरपोच देताना फुटली तर जबाबदारी कोणाची तेही आधीच बोलून घ्या. निम्मे पैसे सुरुवातीला. बदल फक्त कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर, तेही दोनदा. 'नाक जरा सरळ करशील का' हे शेवटी येतं आणि पाच तासांवर पाणी पडतं. पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या, घरखर्चाच्या खात्यात नको.

नातेवाइकांना काय सांगायचं? "आता ऑर्डरी घेते, दोन हजार तीनशे होतात, घरच्यांना अठराशे." बस. कारण सांगायला लागलात की घासाघीस सुरू होते. निम्मे जण परत विचारणार नाहीत, आणि त्यांच्यात गेलेले तास तुमचे तुम्हाला परत मिळतील. सख्ख्या भाचीला भेट म्हणून द्यायचं असेल तर जरूर द्या, पण मागे किंमत लिहून द्या.

एक कायद्याची गोष्ट बऱ्याच चित्रकारांना ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार एरवी चित्राचा पहिला हक्कदार चित्रकारच असतो. पण कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. म्हणून ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून त्यांच्याकडून होकार घ्या: "मूळ चित्र तुमचं, कॉपीराइट माझ्याकडे, माझ्या कामाचा नमुना म्हणून मी ते दाखवू शकेन." लेखी करार केव्हाही उत्तम, निदान व्हॉट्सॲपवर तरी नोंद राहू दे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास सुरू कर असं आता सगळे सुचवतील. नवी मुंबईत त्याला विद्यार्थी मिळतातही. आमचं मत: वर्षभर नको. क्लास नेमका तोच वेळ खातो जो तुम्ही आत्ता कष्टाने मोकळा करताय, आणि संध्याकाळी पंधरा मुलांची स्थिरचित्रं सुधारल्यावर स्वतःचं काढायची इच्छा राहत नाही. प्रदर्शनाचाही विचार आत्ता नको. ठाण्याचं कलाभवन असो की जहांगीर, तीस कागद हातात आल्यावर बघू.

राहिला तो कॅनव्हास. फेकू नका. दमट भिंतीला टेकून, चादरीत गुंडाळून ठेवलेल्या कुठल्याही चित्राला कोपरखैरण्यात एका पावसाळ्यात बुरशी येते. तुमच्या चित्राबद्दल ती काही सांगत नाही. मूल घरात नसताना, म्हणजे रविवारीच, तो गच्चीवर किंवा मोकळ्या बाल्कनीत न्या. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. आधी दोन दिवस सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवून पूर्ण वाळू द्या. ओली बुरशी पुसली तर ती विणीत चोळली जाते, वाळलेली झटकता येते. मग मूल पुन्हा बाहेर असताना मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली, अजिबात दाब न देता झाडा, आधी मागची बाजू, मग पुढची. डेटॉल, व्हिनेगर, ओला फडका यातलं काहीही नको. पाण्याने खालचा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, फुगून रंग सुटू शकतो. कुठे रंगाचा पापुद्रा उचललेला दिसला तर तिथे हात लावू नका. मागच्या कापडाला सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं चालेल, भर दुपारचं नाही. कॅनव्हास चादरीत गुंडाळलेला असेल तर ती चादर गरम पाण्यात धुवा, ब्रश टाकून द्या.

नंतर तो आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला टांगा, मागे दोन इंचांची फट राहील असे लाकडी ठोकळे लावून. बुरशीच्या जागी फिकट डाग राहतील, काही ठिकाणी चकाकी गेलेली असेल. रंग अडीच वर्षांत पुरता वाळलाय, तेव्हा पुढे कधी त्यावर काम करावंसं वाटलं तर जवसाचं तेल बोटावर घेऊन अगदी पातळ चोळायचं, जास्तीचं कापडाने टिपून घ्यायचं, म्हणजे निस्तेज होऊन बुडालेले रंग परत वर येतात आणि नवा थर धरतो. ते कापडही पाण्याच्या डब्यातच टाका. आत्ता मात्र नुसता टांगून ठेवा, घडीच्या टेबलावर बसल्यावर समोर दिसेल असा.